रुंदीकरणाआधी पाणंदींचा विचार व्हावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील रस्त्यांविषयी वृत्तपत्रांतून ज्या मागण्या येतात त्या बहुधा दोनच असतात: खड्डे बुजवा आणि रस्ता रुंद करा. पहिल्या मागणीबद्दल वाद असण्याचे कारण नाही. दुसरीबद्दल मात्र, रस्त्यांच्या कामावर नोकरी करून निवृत्त झालेला अभियंता आणि रोज सायकल चालवणारा माणूस या दोन्ही नात्यांनी, मला वेगळे मत मांडायचे आहे: आपल्या पाणंदी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटा, रुंद न करता दुरुस्त कराव्यात आणि त्या जोडून सायकल मार्ग करावा. त्यासाठी फ्रान्समधील द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातील रस्त्यांचा दाखला द्यावासा वाटतो. मुलगी नोकरीनिमित्त तिकडे राहत असल्याने ते रस्ते मला सायकलवरून सावकाश पाहता आले. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे द्राक्षांचे पुढे जे काही होते त्याच्याशी माझा संबंध आला नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

बर्गंडी भागात बोन या शहरापासून सांतने या गावापर्यंत द्राक्षमळ्यांमधून जाणारा सुमारे २२ किलोमीटरचा सायकल मार्ग आहे. पोमार, व्होल्ने, मर्सो, पुलिन्यी अशी जगभरच्या मद्यविक्रेत्यांना तोंडपाठ असलेली गावे त्यावर एकापाठोपाठ एक येतात. या मार्गाचा मोठा भाग सायकलींसाठी मुद्दाम बांधलेला नाही. तो मळ्यांत ये-जा करण्याच्या वाटांचा बनलेला आहे, आणि आजही वेलींची अख्खी ओळ दोन चाकांच्या मधे घेऊन चालणारे उंच ट्रॅक्टर त्यावरून जातात. सायकलस्वार बाजूला होतो, ट्रॅक्टरवाला हात वर करून पुढे जातो, आणि त्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. नकाशावर या वाटा जोडून घेणे, लागेल तेथे डांबर किंवा काँक्रीट टाकणे आणि वळणावळणावर पाट्या लावणे, एवढ्यावर हा मार्ग उभा राहिला.

अशा वाटा तेथे मुळात इतक्या का आहेत, हा प्रश्न आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. याचे उत्तर जमिनीच्या वाटणीत सापडते. १८०४ च्या नागरी संहितेने वारसांना समान वाटा दिला आणि मळ्यांचे तुकडे होत गेले. क्लो द व्हूजो हा एके काळी ख्रिस्ती मठाच्या मालकीचा, चहूबाजूंनी भिंत असलेला मळा जेमतेम ५० हेक्टरांचा आहे, पण आज त्याचे सुमारे ८० मालक आहेत. युनेस्कोने २०१५ मध्ये बर्गंडीच्या या मळ्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा स्वतंत्र नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाराशेहून अधिक तुकड्यांची नोंद झाली. मालक अनेक आणि तुकडे लहान असले की प्रत्येकाला आपल्या वेलींपर्यंत पोचायला वाट लागते, आणि म्हणून सारा डोंगरउतार वाटांनी विणलेला असतो. उचगाव, बेळगुंदी, बिजगर्णी, कुद्रेमनी या परिसरात ज्यांची वडिलोपार्जित गुंठेवारी आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. भाताच्या आणि रताळ्याच्या शेतांमधून जाणाऱ्या आपल्या पाणंदी याच कारणाने निर्माण झाल्या आहेत. बाहेरच्याला दाखवण्यासारखे आपल्याकडे काही नाही अशी जी तक्रार ऐकू येते, ती करणाऱ्यांनी सुगीच्या दिवसांत सकाळी राकसकोपच्या बाजूला एकदा फिरून यावे.

दुसरी गोष्ट मुख्य रस्त्यांची. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याची वाहतूक द्रुतगती मार्गांवर जाते, जेथे सायकलला मज्जाव असतो, आणि तिच्या खालच्या पातळीवर जिल्हा प्रशासनाच्या ताब्यातील रस्त्यांचे मोठे जाळे असते. त्यांच्या मैलाच्या दगडांना पिवळी टोपी असते. आपल्याकडे पिवळी टोपी म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, त्यामुळे सुरुवातीला त्या निवांत रस्त्यांवर तो रंग पाहून मला मौज वाटे. या रस्त्यांवरील कमाल वेग २०१८ मध्ये ताशी ९० वरून ८० किलोमीटरवर आणला गेला. काही जिल्ह्यांनी नंतर आपल्या काही रस्त्यांवर तो पुन्हा वाढवला, म्हणजे तेथेही सगळे एकमताने चालते असे नाही. सायकलला ओलांडून जाताना मात्र गावात १ मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडण्याचे बंधन आहे, आणि मला दिसले त्याप्रमाणे ते बहुतेक चालक पाळतात. अंतर सोडणे शक्य नसेल तर मोटार निमूटपणे मागे राहते.

असे का घडते याचे श्रेय केवळ शिस्तीला देणे मला पुरेसे वाटत नाही. चालक वेग ठरवतो तो पाटीवरील आकड्यापेक्षा समोर दिसणाऱ्या रुंदीवरून आणि दृष्टीच्या टप्प्यावरून, हे रस्त्यांवर काम केलेला कोणीही सांगेल. मळ्यांतले कित्येक दुय्यम रस्ते इतके अरुंद आहेत की त्यांवर मधली पांढरी पट्टीही आखलेली नसते, एका बाजूला दगडी भिंत असते आणि पुढचे वळण जवळच दिसत असते. मोटार आपोआप सावकाश जाते. आपण याच्या नेमके उलट करतो. जेथे दिवसभरात मोजकी वाहने जातात असा ग्रामीण रस्ता रुंद करून, कडेची झाडे तोडून सरळ केला की वर्षभरात तेथे गतिरोधक बसवण्याची मागणी येते, आणि ती योग्यच असते, कारण तोवर रस्त्याने कोणाचा तरी बळी घेतलेला असतो.

फ्रान्समधील काही सायकल मार्ग बंद पडलेल्या लोहमार्गांवर झाले आहेत. बर्गंडीतील झिव्री ते क्लुनी हा मार्ग १९९७ मध्ये सुरू झाला आणि पुढे देशभर तसे अनेक झाले. बोर्डो शहराच्या आग्नेयेला द्राक्षमळे आणि जंगल यांच्यामधून जाणाऱ्या अशाच मार्गाला १९३७ ची तूर द फ्रान्स शर्यत जिंकणारे रोजे लापेबी यांचे नाव दिलेले आहे. गिअर बदलण्याची सोय असलेल्या सायकलींना त्या शर्यतीत प्रथम परवानगी मिळाली ती त्याच वर्षी. लोहमार्गाला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे माझ्या वयाच्या माणसालाही तेथे दम लागत नाही. आपल्या भागात असा सोडून दिलेला लोहमार्ग हाताशी नाही, परंतु कालवे आहेत. सांतनेहून शालाँकडे जाणारा सायकल मार्ग ज्या कालव्याच्या काठाने जातो, त्याच्या काठावरून पूर्वी घोडे मालाच्या नावा ओढत असत. घटप्रभेच्या कालव्यांच्या भरावावर देखभालीसाठी ठेवलेले रस्ते याच कामाला येऊ शकतील, फक्त ऊस हंगामाचा विचार आधी करावा लागेल. चिकोडी आणि रायबागकडे मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या डबल ट्रॉल्या रात्रंदिवस धावत असतात, आणि त्या काळात सायकलस्वाराने त्या रस्त्यांपासून दूर राहिलेलेच बरे. द्राक्षे हवीत म्हणून अथणीकडे मार्ग करावा अशी सूचना एका मित्राने केली. मला ती पटत नाही, कारण सायकलस्वाराला द्राक्षांपेक्षा सावली आणि निवांतपणा अधिक लागतो, आणि तो पश्चिम भागात आहे.

पाट्यांचा विषय आपल्याकडे नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाही. फ्रान्समधील सायकल मार्गांच्या दिशादर्शक पाट्या पांढऱ्या असतात, त्यांवर हिरव्या रंगात सायकलचे चित्र, बाण, पुढचे गाव आणि अंतर एवढेच असते. जर्मनीच्या सीमेवरील आल्सास प्रांतात, जो १८७१ पासून १९४५ पर्यंत या राष्ट्राकडून त्या राष्ट्राकडे चार वेळा गेला, कित्येक गावांच्या वेशीवर फ्रेंच नावाच्या खाली तेथील स्थानिक भाषेतील नावही लिहिलेले असते. ते पाहून सीमाभागातील माणसाच्या मनात काय येते, ते येथील वाचकांना ठाऊक आहे. मराठीतूनही पाटी असावी ही आपली मागणी न्याय्य आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. तिचा निर्णय होईपर्यंत चित्र, बाण आणि मार्गाचा क्रमांक असलेल्या पाट्या तरी लावता येतील, कारण चित्राला कोणाचीही हरकत नसावी. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोपीय सायकल मार्ग लुआर नदीकाठच्या द्राक्षमळ्यांतून जातो, आणि पुढे एकामागून एक देश ओलांडताना त्याचा ६ हा क्रमांक बदलत नाही. बाचीहून शिनोळीत, म्हणजे कर्नाटकातून महाराष्ट्रात शिरताना आपल्या मार्गाचा क्रमांक तोच ठेवायला दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एकदा एकत्र बसणे पुरेसे आहे.

वेंगुर्ला रस्ता आणि जांबोटी रस्ता यांवर गोव्याच्या व कोकणच्या वाहनांची गर्दी असते, तेव्हा त्यांचे जे काही रुंदीकरण करायचे ते करावे. त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातील, जिल्हा पंचायतीच्या अखत्यारीतील रस्ते आणि पाणंदी मात्र आहे त्याच रुंदीत दुरुस्त कराव्यात, अशी माझी विनंती आहे. येथे पाऊस इतका पडतो की पातळ डांबर दोन पावसाळे टिकत नाही, म्हणून चढाच्या आणि पाणथळ तुकड्यांना काँक्रीट करावे व दोन्ही बाजूंची चर उघडी ठेवावी. या भागातील बहुतेक रस्ते चर बुजल्यामुळे खराब होतात, हे मी नोकरीत असताना वारंवार लिहून दिले होते. काम सुरू करण्यापूर्वी ज्यांच्या बांधावरून वाट जाते त्या शेतकऱ्यांना ग्रामसभेत विचारावे आणि सुगीत बैलगाडी व ट्रॅक्टरचा हक्क आधी राहील हे ठरावात लिहून घ्यावे. पावसाळा संपता संपता पाहणी झाली, तर कोणत्या वाटा चिखलात जातात आणि कोणत्या तगून राहतात, हे अधिकाऱ्यांना प्रत्यक्षच दिसेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, टिळकवाडी, बेळगाव