पिल्लू मेलं नव्हतं, ऊन खात होतं

चि. सौ. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी तुरीच्या खळ्यावर होते, मळणीच्या मशीनच्या आवाजात धड बोलता आलं नाही. "आई, पिल्लू मेलं, एक पंख पसरून पडलंय," म्हणून तू रडत होतीस आणि तेवढ्यात मागून जावई ओरडले की ते उठून पळालं. माय, मलाही पहिल्या वर्षी असाच धक्का बसला होता. कोंबडीची जात ऊन खाते ती अशीच. एका कुशीवर कलंडते, वरचा पंख आणि पाय लांब ताणते, मान भुईला टेकवते, डोळे अर्धे मिटते. पिसं फाकली की ऊन थेट कातडीला लागतं. असं दिसलं की आधी छातीकडे बघ. श्वास वरखाली होत असेल तर त्याला हात लावू नको, निजू दे.

तुझी पंचवीस पिल्लं आज अठरा दिवसांची झाली. फोनवर तू जे जे विचारलंस ते सगळं लिहून काढते, म्हणजे रात्री-बेरात्री तुला उघडून बघता येईल.

तू पाचवीत होतीस तेव्हा आपण तीस पिल्लं आणली होती, आठवतं? लाकडी पेटीत ठेवली, वर बल्ब लावला. डिसेंबरातली रात्र, दीड-दोनच्या सुमाराला लाइन गेली. दिवसभर कापूस वेचून मी गाढ झोपलेली, मला कळलंच नाही. सकाळी झाकण काढलं तर सगळी एका कोपऱ्यात रचून पडलेली. वरची जिवंत, खालची अकरा चेंगरून गेलेली. गारव्यापायी ती एकमेकांच्या अंगावर चढत गेली आणि गुदमरली. तुझी आजी जवळ येऊन म्हणाली, "काऊन रडून राहिली व? पिल्लाले कोपरा नाई ठेवा लागत." तेव्हापासून मी पुठ्ठ्याचं गोल कडंच करते. गोलात त्यांना रचून बसायला जागाच मिळत नाही. तुझ्याकडे चौकोनी खोका असेल तर चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून लाव, आजच लाव. लाइन गेली तर बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून मध्ये ठेव. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच नको. तिचा धूर पिल्लांना मारतो आणि माणसालाही.

ऊब किती द्यायची ते बचत गटाच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. पण तुझ्याकडे तापमापक नाही आणि त्यावाचून काही अडत नाही. दहा मिनिटं शांत बसून बघ. सगळी बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजतेय, बल्ब खाली घे. कडेला पळून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर बल्ब वर घे. काही खातायत, काही निजलीयत, काही उगाच फिरतायत, अशी विखुरलेली असली की समजायचं, ठीक चाललंय.

आवाजही ओळखायला शीक. पोट भरलेलं, उबेतलं पिल्लू बारीक, तुटक बोलतं, आपल्याशीच पुटपुटल्यासारखं. मोठ्यानं, न थांबता चिवचिव लावली की काहीतरी बिघडलंय. एखादं कड्याबाहेर पडलं असेल, पाणी संपलं असेल, गारवा लागला असेल. खुडूक बसलेल्या आपल्या गावरान कोंबडीनं पिल्लं काढली की ती दाणा चोचीत उचलून खाली टाकते आणि टुक टुक करून त्यांना बोलावते. तुझी वनराजा जातीची पिल्लं मशीनमध्ये उबवलेली, त्यांनी आई पाहिलीच नाही. ते काम आता तुझं. थाळीत मक्याचा भरडा टाकलास की नखानं टकटक कर. दोन दिवसांत तुझ्या बोटाकडे धावत येतील.

ती भुशात लोळतात, पाय झाडतात, अंगावर भुसा उडवतात, त्याला तू झटके समजलीस. ती त्यांची आंघोळ आहे. धुळीनं अंगावरच्या उवा आणि जादाचं तेल निघून जातं. घमेल्यात कोरडी माती आणि चुलीतली पूर्ण गार झालेली राख मिसळून ठेव. पहिलं पिल्लू उतरलं की बाकीची कशी गर्दी करतात ते बघच.

छातीला छाती लावून दोघं उड्या मारतात, त्यांना सोडवायला जाऊ नको. कोण आधी खाणार, कोण मागे सरणार हे ती आपसात ठरवत असतात. पण एखाद्याच्या अंगावर रक्त दिसलं तर त्याच क्षणी त्याला वेगळं काढ. लाल दिसलं की बाकीची तिथंच टोचत राहतात आणि थांबत नाहीत. त्याला हळद लाव, खपली धरेपर्यंत परत सोडू नको. टोचाटोची वाढली तर आधी जागा वाढव आणि दाण्याची दुसरी थाळी ठेव. दाटी आणि भूक, बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

रोज सकाळी विष्ठा बघायची सवय लाव. वर पांढरी टोपी असलेली घट्ट, ती चांगली. मधूनच एखादी तपकिरी, चिकट आणि घाण वासाची पडते, तिला घाबरू नको, तीही नेहमीचीच. मात्र विष्ठेत रक्त दिसलं आणि पिल्लू पिसं फुलवून, मान आत घेऊन बसलं असेल, तर तो रक्ती हगवणीचा आजार असू शकतो. तेव्हा घरगुती उपाय करत दिवस घालवू नको, सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठ. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज बदललास तर हा आजार बराच टळतो.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, पहिली लस सातव्या दिवशी झाली, चौदाव्या दिवशी गम्बोरो रोगाची झाली, हे तू बरं केलंस. आता अठ्ठाविसाव्या दिवशी मानमोडीची परत. एका बाटलीत शंभर तरी पिल्लांची लस असते, म्हणून शेजारणींना आधीच विचारून ठेव, त्यांच्याही पिल्लांचं होईल. बाटली बर्फातूनच आणायची आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. उन्हात ठेवलेली लस डोळ्यात टाकली काय नि पाणी टाकलं काय, सारखंच.

दुपारी अंगणात सोडशील तेव्हा वरून जुनी जाळी घाल. सगळी एकदम चिडीचूप होऊन जागीच दबली तर आधी वर बघ, घार असेल.

संक्रांतीला तुझा भाऊ तिकडे येतोय. त्याच्यासोबत तिळाचे लाडू, तांदळाची कणी आणि पिल्लं झाकायला आजीच्या हातचं मोठं डालगं, म्हणजे टोपलं, देते. लस आणायला आपला निळा थर्मासही देते. विहीणबाईंना नमस्कार सांग. रात्री डालगं झाकण्याआधी पिल्लं मोजत जा, पंचवीस भरली की मला मिस कॉल दे.

तुझी,
आई