सातव्या भागातली ‘आठवण’ : मराठी आवाज आणि मराठी ओळींबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा आणि मराठी विभाग

विषय : सैनिकांच्या मालिकेचा सातव्या भागापासून काढून टाकलेला मराठी आवाज, खालच्या चुकीच्या मराठी ओळी आणि काल फोनवर मिळालेलं उत्तर

काल दुपारी तुमच्या मदत केंद्राला पाचवा फोन केला. आता फोन करणार नाही, लिहूनच देते.

मालिका कुठली ते तुम्हाला माहीत आहे. लढाईवर गेलेली पलटण आणि मागे राहिलेली घरं, अशी दहा भागांची. तिच्या पाटीवर आजही ‘मराठीत पाहा’ असं लिहिलेलं आहे. ते वाचूनच मी वर्षाचे पैसे एकरकमी भरले. सहा भाग मराठी आवाजात आहेत आणि चांगले आहेत. ज्या बाईंनी त्या फौजीच्या बायकोला आवाज दिलाय, त्यांना माझा निरोप द्या. फोनवर नवऱ्याला ‘जेवलास का?’ म्हणतानाचा त्यांचा सूर आमच्या घरातला वाटला. सातव्या भागापासून मात्र आवाज इंग्रजी आणि खाली मराठी ओळी. आधी सूचना नाही, नंतर खुलासा नाही.

त्या ओळी तुमच्यापैकी एकाही माणसाने वाचल्या आहेत का? सुरुंग दिसतो म्हणून जवान ‘माइन! माइन!’ ओरडतो, तर खाली ‘माझं! माझं!’ येतं. बंदुकीची गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, बदलायला सांगतात, तिथे ‘मासिक बदला’. साधा शिपाई, इंग्रजीत ‘प्रायव्हेट’, जखमी होतो, तर ‘खाजगी जखमी आहे’. यंत्राने केलेलं भाषांतर तसंच चिकटवून दिलंय. एवढंच असतं तरी मी पत्र लिहिलं नसतं.

मी ही मालिका आईसाठी घेतली. आई 76 वर्षांची. चौथी शिकलेली, ठळक अक्षर असलं की सावकाश वाचते. माझे वडील तोफखान्यात लान्स नाईक होते. नाशिक रोडच्या केंद्रात तयार झाले आणि डिसेंबर 1971 च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत जम्मूकडच्या छांबच्या आघाडीवर होते. तिथे आपल्या फौजेला मुनव्वर तवी नदीच्या अलीकडे मागे यावं लागलं होतं. 16 तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, आमच्या गावात साखर वाटली. त्यानंतर आठवड्याभराने आमच्या दारात तार आली. मी तेव्हा दोन वर्षांची होते.

यावर आई माझ्याशी कधी बोलली नव्हती. तुमच्या दुसऱ्या भागात ती बायको पत्रावरची तारीख बघते आणि पत्र यायला किती दिवस लागले ते बोटांवर मोजते. आई पटकन म्हणाली, “मीबी आसंच मोजायची.” मग रोज एक भाग बघायचा आणि टीव्ही बंद केल्यावर आईचं ऐकायचं, असं सुरू झालं. आई निळ्या आंतरदेशीय पत्रावर मजकूर स्वतः लिहायची, वरचा 56 ए.पी.ओ.चा, म्हणजे फौजेच्या टपालाचा, पत्ता तेवढा शाळेतल्या गुरुजींकडून इंग्रजीत लिहून घ्यायची. एकदा माझं पाऊल पत्रावर ठेवून तिने त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली आणि ते वडिलांना पाठवलं. हे मला आत्ता कळलं, तुमच्या मालिकेच्या चौथ्या भागानंतर. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, हे मनापासून लिहिते.

आणि मग सातवा भाग. गणवेशातली दोन माणसं तिच्या दारात येतात आणि तुमचा नवरा बेपत्ता आहे असं सांगतात. मूळ इंग्रजीत ‘मिसिंग’ हा शब्द आहे. तुमची खालची ओळ : ‘तुमच्या पतीला तुमची आठवण येत आहे.’

ती बाई खाली बसते, तोंडावर हात धरते. आईने ओळ ओठ हलवत वाचली. मला म्हणाली, “आठवण काढतोय म्हनत्यात. मग ही रडतीया कशापायी?”

आमच्या घरी आलेली तारही इंग्रजीतच होती. पोस्टमनने ती ओट्यावर दिली, पण वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून गुरुजींना शाळेतून बोलावलं. त्यांनी दोनदा वाचली. ‘मिसिंग’ या शब्दावर अडले. मुलाला पाठवून शाळेतला शब्दकोश आणवला, पान काढलं आणि मग आईला म्हणाले, “वहिनी, सापडत नाहीत असं लिहिलंय. गेले असं लिहिलेलं नाही.” आई म्हणते, त्या दोन वाक्यांवर मी वर्ष काढलं. पुढचं 1972 हे दुष्काळाचं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे मिळणारी सुकडी खायला घेऊन यायची. त्या डिसेंबरात वाघा सीमेवरून आपले युद्धकैदी परत आले, तेव्हा यादीत नाव आहे का विचारायला गुरुजीच साताऱ्याला जाऊन आले. नव्हतं. नंतर ‘मृत समजण्यात येत आहे’ असं सरकारी पत्र आलं. ते आल्यावरही आईने कित्येक दिवस बांगड्या उतरवल्या नाहीत.

त्या लढाईत बेपत्ता झालेल्या 54 जणांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती माणसं पाकिस्तानच्या तुरुंगात असतील या आशेवर घरच्यांनी जन्म काढला. 2007 मध्ये त्यांचे 14 नातेवाईक तिकडचे तुरुंग बघून आले आणि रिकाम्या हाताने परतले. माझ्या वडिलांचं नाव त्या यादीतही नाही. पण बेपत्ता आणि आठवण यांत काय अंतर आहे, ते आमच्यासारख्या घरांना शिकवावं लागत नाही.

आता कालचा फोन. सतरा मिनिटं वाजणारं संगीत ऐकल्यावर एक तरुण मुलगा आला. मी त्याला ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, “मॅम, मी चेक केलं. मिस करणं म्हणजे आठवण येणंच होतं. आपण मिस यू म्हणतो ना, तसं.” मी म्हटलं, अरे बाळा, हा लढाईतला शब्द आहे, माणूस सापडत नाही असा. तो म्हणाला, “पण मॅम, ती रडते ना सीनमध्ये? मग फीलिंग पोचलं ना?” मी म्हटलं, माझी आई विचारते आहे की ती का रडते, म्हणजे पोचलेलं नाही. मग तो म्हणाला, “आजींना एवढं टेन्शनवालं दाखवूच नका. आपल्याकडे मराठी कॉमेडी भरपूर आहे, मी लिंक पाठवतो.” तेव्हा मी त्याला सांगितलं की माझे वडील 1971 च्या लढाईत बेपत्ता झाले आहेत. ‘आहेत’ असंच माझ्या तोंडून गेलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, समजलं त्याला. मग तो म्हणाला, “ओके मॅम, त्याबद्दल सॉरी. तर मग तुमचा इश्यू सॉल्व्ह झाला असं मार्क करू का?”

मी नाही म्हटलं. तीनदा नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत मेसेज आला : ‘आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे.’ सोबत विनोदी कार्यक्रमाची लिंक आणि एक महिना मोफत.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यापुढे जे लिहून ठेवलं असेल ते तो वाचत होता. राग तुमच्यावर आहे. सहा भागांसाठी चांगली माणसं बसवून चांगली मराठी करून घेतलीत आणि जिथे बातमी घरी येते, नेमक्या त्या भागापासून हात आखडलात. पैसे दहा भागांचे घेतलेत. पाटीवर अजूनही ‘मराठीत पाहा’ आहे. हे मी वर एकदा लिहिलं, परत लिहिते, कारण पाचही फोनवर मला ‘मराठी ऑप्शन अव्हेलेबल आहे मॅम’ हेच ऐकवलं गेलं. तो महिना मला नको.

सातवा ते दहावा भाग आधीच्याच कलाकारांच्या मराठी आवाजात द्या. ते कधी होईल ती तारीख मला लेखी कळवा. तोवर पाटीवर ‘सहा भाग मराठीत’ असं खरं ते लिहा. माझी तक्रार तुम्ही बंद केली आहे, ती उघडा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद करीन आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली साताऱ्याच्या जिल्हा आयोगात अर्ज देईन. पाचही फोनच्या वेळा, मेसेज आणि टीव्हीवरच्या त्या ओळीचा फोटो माझ्याकडे आहे. आमच्या तालुक्यात जवळजवळ प्रत्येक गावात फौजेतलं घर आहे. त्यातल्या ज्यांना मी ही मालिका बघा म्हणून सांगितलं होतं, त्यांना आता सहाव्या भागाला थांबा म्हणून सांगते आहे.

आवाजाला वेळ लागेल, हे मी समजू शकते. ती एक ओळ बदलायला लागणार नाही. तिथे ‘तुमचे पती बेपत्ता आहेत’ असं लिहा आणि मला कळवा. आई त्यानंतर पुढे काही बोललेली नाही. आठवा भाग लावू का विचारलं तर म्हणते, “आदी त्या बाईला नीट सांगू दे.”

आपली,
वर्षाची वर्गणी भरलेली ग्राहक
सातारा