इंजिन म्हणजे लायब्ररी नव्हे हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत गणिती सॉफ्टवेअरवर लेख आला होता, वाचून मजा आली, पण त्यात ‘मॅटलॅब दुसऱ्या प्रोग्रॅममधून लायब्ररीसारखं वापरता येतं’ असं एक वाक्य होतं आणि मी तिथंच अडखळलो, कारण नेमकं हेच डोक्यात धरून मी एकदा तोंडावर आपटलोय.

लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच, तो आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात बसतो. मॅटलॅब हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, आणि ते दुसऱ्या प्रोग्रॅममधून चालवायची जी सोय आहे तिला इंजिन म्हणतात, तिचं तसं नाही. आपल्या सी प्रोग्रॅमनं इंजिन उघडा म्हटलं की मागे आख्खं मॅटलॅब वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम, म्हणून उठतं, मग विंडोजवर दोघांचं बोलणं कॉम नावाच्या प्रोग्रॅम जोडणाऱ्या सोयीतून चालतं आणि लिनक्सवर पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या नळीतून (लिनक्सवर सी शेल हे कमांड चालवणारं सॉफ्टवेअर टाकलेलं नसेल तर ते उठतच नाही, हे कळेपर्यंत माझा अख्खा रविवार गेला). एवढं धूड उठायला वेळ लागणारच ना? मी शहाण्यानं उघडणं आणि बंद करणं दोन्ही लूपच्या आत लिहिलेलं, म्हणजे दर फेरीला नवं मॅटलॅब, आणि वर सगळ्यांना सांगत फिरायचो की मॅटलॅब फार स्लो आहे बुवा. एकदाच उघडायचं, सगळी कामं उरकायची, शेवटी बंद करायचं, एवढंच होतं ते.

पण खरा घोळ पुढेच आहे. इंजिनला कमांडची स्ट्रिंग पाठवली की शून्य परत येतं, आपल्याला वाटतं झालं काम, पण त्या शून्याचा अर्थ फक्त ‘इंजिन जिवंत आहे’ एवढाच, आत कमांडचा एररनं पार चुराडा झाला असला तरी शून्यच येतं! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी आता कमांड ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे एरर आली तर ती पकडणाऱ्या कोडमध्ये, गुंडाळून पाठवतो, आत एक खुणेचा व्हेरिएबल ठेवतो आणि तो परत मागवून बघितल्याशिवाय उत्तराला हात लावत नाही.

मॅट्रिक्सचंही तेच. सी मध्ये आकडे आडव्या ओळीनं साठवतात, मॅटलॅबमध्ये उभ्या कॉलमनं. ३ बाय ३ चा मॅट्रिक्स तसाच कॉपी केला तर एरर वगैरे काही येत नाही, गुपचूप रो आणि कॉलमची अदलाबदल होते, आणि मॅट्रिक्स सिमेट्रिक (रो आणि कॉलम अदलाबदल केले तरी तसाच राहणारा) असेल तर चूक दिसतसुद्धा नाही, म्हणून टेस्ट करताना मुद्दाम वेडावाकडा मॅट्रिक्स घ्यावा.

पायथनवाल्यांचं बरंच सोपं आहे, आधीच चालू असलेलं मॅटलॅब शेअर करून त्याला जोडून घेता येतं, उठायची वाटच बघायला नको. फक्त काहीच परत न देणारं फंक्शन बोलावताना नार्गआउट (किती आउटपुट हवेत तो आकडा) शून्य सांगायचं, नाहीतर आउटपुट जास्त मागितले म्हणून ते भांडतं.

आणि हो, लेखात लायसन्सचा उल्लेखच नव्हता. इंजिन वापरायचं तर त्या मशीनवर मॅटलॅब आणि लायसन्स दोन्ही लागतं, नुसती आपली एक्झी फाइल दुसऱ्याला दिली तर चालणार नाही. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी ऑक्टेव्ह हे मॅटलॅबसारखं फुकट सॉफ्टवेअर बघावं, तेही पायथनमधून चालवता येतं.

पुढच्या अंकात ते लायब्ररीचं वाक्य तेवढं दुरुस्त करा, कुणाचा तरी रविवार वाचेल.

आपला,
एक नेहमीचा वाचक