सूर्यास्ताच्या वेळेखाली एक ओळ द्या की

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्राचं कारण तसं फुटकळ आहे. तुमच्या पेपरात रोज सूर्योदय सूर्यास्ताची वेळ येते ना, ती मी हल्ली न चुकता बघतो. आधी कधी बघत नव्हतो, आमची नजर आधी राशीभविष्यावर आणि मग निधनवार्तांवर.

हे सगळं सुरू झालं पाण्याच्या टाकीमुळं. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे तुम्हाला काय सांगायचं, तर रिटायर झाल्यावर टाकी किती भरली ते बघायचं काम सोसायटीनं माझ्या गळ्यात मारलं आणि त्याबरोबर गच्चीची चावी आली. एरवी गच्चीला कायम कुलूप, पोरं पतंगाच्या नादात पडतील म्हणून. टाकी भरेस्तोवर करायचं काय म्हणून कठड्याजवळ खुर्ची टाकून बसायला लागलो आणि बसलो तो बसलोच. आता पाण्याचा दिवस नसला तरी मी वर असतो, बायको विचारते आज कुठली टाकी भरायलाय.

२०२५ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर ते ग्रहांच्या परेडचं फिरत होतं आठवतंय का, सहा ग्रह एका ओळीत, आयुष्यात एकदाच, आणि खाली फोटो असा की जणू माळेत मणी ओवलेत. अख्खी बिल्डिंग गच्चीवर, कुणी चिवडा घेऊन आलेलं, लहान पोरं खांद्यावर. दहा मिनिटांत सगळे खाली, कारण ओळ कुठंच दिसेना. आणि मला हळहळ वाटली ती ह्याची की चार ग्रह समोर लखलखत होते हो, पश्चिमेला शुक्र, त्याच्या खाली मिणमिणता शनी, डोक्यावर गुरू आणि पूर्वेला तांबूस मंगळ. नेपच्यून तर नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही आणि युरेनस शहराच्या उजेडात शोधायची आशाच नको, पण हे फॉरवर्डमध्ये कोण लिहिणार. ओळीचं म्हणाल तर ग्रह कायमच सूर्याच्या वाटेच्या आसपास फिरतात, म्हणजे ती ओळ रोजचीच, फक्त आभाळभर पसरलेली. तो शुक्र त्याआधी दोन महिने रोज तिथंच होता आणि एकानंही मान वर केली नव्हती (मी पण त्यातलाच, टाकी नसती तर).

माझ्या मते खरी गंमत सूर्य बुडाल्यानंतर आहे आणि लोक तेव्हाच उठतात. सूर्यास्त झाला की पश्चिमेकडं पाठ करा. पूर्वेला क्षितिजाला लागून निळसर राखाडी पट्टा दिसतो, त्याच्यावर गुलाबी. मी कितीतरी दिवस त्याला धूर समजत होतो, एमआयडीसीचा असेल म्हटलं. ती पृथ्वीची सावली आहे! आपल्याच पृथ्वीची सावली हवेवर पडते आणि हळूहळू वर चढते, पंधरा वीस मिनिटांत गुलाबी पुसट होत जातं आणि सगळं एकच होऊन जातं. नातवाला दाखवलं तर म्हणाला आजोबा मग माझा हात हलवला तर सावलीत दिसेल का. बराच वेळ हलवत होता.

आणि भोरड्या. ज्वारीला कणसं भरली की हिवाळ्यात हे पाहुणे आपल्याकडं असतात, मध्य आशियाकडनं येतात, शेतकरी वैतागतात ते बरोबरच आहे. पण संध्याकाळी झाडांवर उतरायच्या आधी त्यांचा थवा जो काही वळतो, मधेच दाट काळा, मधेच विरळ, जसं कुणी हवेत चादर झटकावी. एकदा शिक्रा घुसला तर सगळा थवा क्षणात चेंडूएवढा गोळा झाला आणि आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा सर्रकन आवाज आला, पाऊस आला असं वाटून मी वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघितलं. मोबाईल खिशात होता, काढायचं सुचलंच नाही. बरं झालं, फोटोत ते नुसते ठिपके येतात.

नंतर साधारण सव्वा तासात पूर्ण काळोख. थंडीत पूर्वेला मृग वर येतो, त्यातल्या तीन चांदण्यांना आमची आई तिकांडं म्हणायची, तिच्या घरी घड्याळ नव्हतं, तिकांडं कुठं आलं बघून रात्र किती राहिली सांगायची. मला ते सत्तरीत ओळखता आलं, तेही मोबाईलमधल्या अ‍ॅपनं.

तर विनंती अशी आहे साहेब. ग्रहण, सुपरमून, परेड ह्याच्या बातम्या तुम्ही देता, द्या. पण त्या सूर्यास्ताच्या वेळेखाली रोज एक ओळ टाकाल का, की आज पश्चिमेला जो तेजस्वी ठिपका आहे तो शुक्र, किंवा आज द्वितीयेची कोर दिसेल, नीट बघितलं तर उरलेला चंद्रही अंधुक दिसतो, तो पृथ्वीच्या उजेडानं. दुर्मिळ योग वगैरे काही नको. आणि आमच्या सेक्रेटरी साहेबांना दिसेल अशा पानावर हे पत्र छापा, गच्चीचं कुलूप संध्याकाळी तासभर उघडं ठेवा म्हणून मी दोनदा अर्ज दिलाय.

ओळ बारीक टाइपात असली तरी चालेल, चष्मा आहे.

एक वाचक, सोलापूर