काका, चीझक्वेक दाखवल्याबद्दल

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘आधी चहा टाक’ म्हणून विषय मोडता. आता तुम्ही मुलाकडे शार्लटला राहायला गेलात, मधे टोकायला कोणी नाही, तेव्हा सगळं लिहूनच टाकते. आणि चारचौघांत लिहितेय ते अशासाठी, की इथे न्यू जर्सीच्या एडिसन-आयझेलिनमध्ये दीड-दोन वर्षांचं पोर घेऊन रविवार मॉलमध्ये काढणारी मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी तुमच्यासारखे काका असतीलच असं नाही.

आमच्या डोक्यात फिरणं म्हणजे यलोस्टोन नाहीतर योसेमिटी: विमान, हॉटेल, महिनाभर आधीची तयारी. आमची लेक मनू मोठी झाली की बघू, असं चाललं होतं. तुम्ही म्हणालात, ‘भाजी आणायला जाताना एवढा विचार करता का?’ आणि गार्डन स्टेट पार्कवेच्या १२० नंबरच्या एक्झिटला घेऊन गेलात. त्याच रस्त्याने आम्ही किती वेळा समुद्रावर गेलो असू! पण चीझक्वेक स्टेट पार्कची पाटी वाचून कधी वळलो नव्हतो.

तुमचा पहिला नियम अजून पाळतो: पोर येताना गाडीत झोपलं पाहिजे, जाताना नाही. म्हणजे सकाळी लवकर निघायचं आणि अकराच्या आत परत फिरायचं. डबा एकच, त्यात दशम्या किंवा इडल्या. स्ट्रोलर इथे गाडीतच ठेवा, हेही तुम्हीच सांगितलंत. ते बरं झालं, कारण वाटेत लाकडी पायऱ्या आहेत आणि झाडांची मुळं तर पावलोपावली.

या एका पार्कात खारं खाजण, गोड्या पाण्याची दलदल, पांढऱ्या सीडरचं काळोखं रान आणि ओकचं जंगल असं सगळं लागून लागून आहे. उत्तरेकडची झाडं आणि दक्षिणेकडची पाइनची रानं इथे एकमेकांत मिसळतात, हे तुम्ही झाडांना हात लावून दाखवलंत. मला मात्र आधी वास आला. ओहोटीच्या चिखलाचा, थेट आमच्या अलिबागच्या खाडीचा. न्यू जर्सीत तो वास येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. खरं सांगू? त्या दिवशी मला पार्क आवडला तो त्या वासामुळे.

आणि मनूला खेकड्यांमुळे. खाजणावरच्या लाकडी पुलावर ती पालथी पडली आणि दोन फळ्यांमधल्या फटीतून खाली बघत राहिली. चिखलात भोकंच भोकं, प्रत्येक भोकाच्या तोंडाशी एक इवलासा खेकडा, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी. तो ती वर-खाली हलवायचा, की ही लगेच हात हलवून ‘टाटा’ करायची. सावली पडली की सगळे आत गडप. मागून येणारी माणसं तिला ओलांडून जात होती, आमचे हे ‘चला, अजून अर्धी वाट बाकी आहे’ म्हणत होते. तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्याशेजारी फतकल मारलीत आणि विचारलंत, ‘मनूताई, याची डावी मोठी की उजवी?’ तिला डावं-उजवं कुठलं कळायला! पण तेव्हापासून प्रत्येक खेकड्याला आमच्याकडे हा प्रश्न विचारला जातो. वाट त्या दिवशी अर्धीच झाली. पिवळ्या खुणांची, म्हणजे तिथली सगळ्यात छोटी.

मे महिन्यात तुम्ही दाखवलेली गुलाबी लेडीज स्लिपर यंदाही फुलली होती. ही आमरी (ऑर्किड) मातीतल्या विशिष्ट बुरशीशिवाय रुजत नाही, उपटून घरी लावली तर मरते, हे मीही आता भेटेल त्याला ऐकवते.

गोचिडीचं मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण भारतातून आलेल्या आईबापांना ते कोणी सांगत नाही. मे ते जुलैमध्ये इथली गोचीड पिल्लावस्थेत असते, खसखशीच्या दाण्याएवढी. लाइम नावाचा जिवाणूंचा आजार पसरतो तो मुख्यतः तिच्या चाव्यामुळे. पँटचे पाय मोज्यांत खोचायचे; घरी आल्यावर कपडे आधी कडक गरम ड्रायरमध्ये दहा मिनिटं, मग धुवायला; अंघोळीत कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे, केसांच्या मुळाशी बोटं फिरवून बघायचं. मनूच्या गुडघ्यामागे एकदा सापडलीच. तुम्ही दिलेल्या बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढली. पिरगळणं नाही, व्हॅसलीन नाही. माझे हात कापत होते, पण काय करायचं ते ठाऊक होतं. यासाठी तुमचे किती आभार मानू!

अंगाला लागली की खाज सुटणाऱ्या पॉयझन आयव्ही वेलीबद्दलचं तुमचं ‘तीन पानं दिसली म्हणून बेल समजून तोडू नकोस’ हेही घरात म्हण होऊन बसलंय.

स्ट्रोलर न्यायचाच असेल तर डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल, हाही सल्ला तुमचाच. १८३० ते १८३४ मध्ये बहुतांशी आयरिश मजुरांनी खणलेला हा कालवा; पेनसिल्व्हेनियाचा कोळसा यातून जायचा आणि खेचरं ज्या वाटेने बोटी ओढायची, तीच आजची सपाट पायवाट. किंग्स्टनच्या लॉकपाशी (बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दारांपाशी) ओंडक्यावर ओळीने ऊन खात बसलेली कासवं मनू मोजते: एक, दोन, पाच. कालवा १९७४ मध्ये स्टेट पार्क झाला आणि मध्य जर्सीला आजही त्याचं पाणी जातं, हे ऐकल्यापासून आमचे हे तिथे कचरा दिसला की उचलतात. अलेअर स्टेट पार्कातली वाफेवरची छोटी आगगाडीही झाली, पण शिट्टी वाजताच मनूने जे भोकांड पसरलं ते विचारू नका. पुढच्या वर्षी बघू.

आता एक विचारायचंय. पानं रंगली की हे न्यू जर्सीच्या सगळ्यात उंच डोंगरावर, हाय पॉइंटला जाऊ म्हणतायत. उंची १८०३ फूट, वर २२० फुटांचा मनोरा, आणि एडिसनपासून तुमच्या झोपेच्या नियमात न बसणारं अंतर. मनूला आता जाताना झोप लागणारच. जावं, की अजून वर्षभर चीझक्वेक आणि कालव्यावरच भागवावं? काकूंना विचारून कळवा. त्यांचं मत तुमच्यापेक्षा सावध असतं.

काकूंना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमची शेजारीण,
मनूची आई