रक्ततपासणी आणि खर्रा

महोदय,

रक्ताच्या एका नळीत कॅन्सर ओळखून देण्याच्या जाहिराती हल्ली नागपुरातही मोबाइलवर येतात. गाठीतल्या मरणाऱ्या पेशींचा डीएनए रक्तात उतरतो, हे खरेच. रक्तात पेशींबाहेर मोकळा डीएनए असतो हे १९४८ सालीच कळले होते. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्यातून ईजीएफआर जनुकातला बदल हेरून औषध ठरवतात. अमेरिकेत २०१६ मध्ये अशा चाचणीला मान्यता मिळाली. पण गाठ लहान असताना हा डीएनए इतका कमी असतो, की अहवाल कोरा आला म्हणून निर्धास्त राहणे अंगाशी येईल. आणि पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचे मिश्रण) दिवसभर गालात धरणाऱ्याला ही महागडी चाचणी कशाला? कॅन्सरची आधीची खूण असू शकणारा तोंडातला पांढरा चट्टा टॉर्चच्या उजेडातही दिसतो. मनपाच्या दवाखान्यांनी आठवड्यातून एक दिवस तेवढे तरी पाहावे.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर