दळणाचा डबा आणि चौथं वचन

अहिल्यानगर (माझ्या तोंडात अजून नगरच येतं)
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय बाळे,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो, म्हणून नुसतं हूं हूं करत राहिलो. फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, लेक रडकुंडीला आलीय आणि तुम्ही भाकरी कुस्करताय. खरं सांगतो, काय बोलावं तेच सुचेना. फोनवर मला कधीच सुचत नाही. म्हणून हे पत्र लिहितोय.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आम्हाला एवढं ऐकायची सवय कशी लावलीत? माझा पठ्ठ्या प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणतो. आंघोळ नाही, गृहपाठ नाही. गेल्या रविवारी तर चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिट म्हटलं तरी 'नाही', आणि तेही सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं!"

बाळे, आधी तुझा एक गैरसमज काढतो. आम्ही तुम्हाला ऐकायची सवय लावली हे अर्धंच खरं. दादाला लावली. तुला कधी लागलीच नाही.

तुला तो दळणाचा शनिवार आठवतो का? तू नऊ वर्षांची, दादा बारा. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पाळकसाहेब आपल्याकडे जेवायला येणार होते आणि घरात बाजरीचं पीठ संपलेलं. मी दादाला म्हटलं, गिरणीत जाऊन ये. तो लगेच म्हणाला, "हो बाबा." असं गोड म्हणाला की शेजारचे गुरुजी बसले होते, ते म्हणाले, संस्कार आहेत हो. दादा बाहेर पडला तो बॅट घेऊन. तास झाला, डबा जागच्या जागी. मग मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "मी नाही जाणार. दरवेळी मीच का?" गुरुजींसमोर! माझा हात उठला.

तू आत गेलीस. मला वाटलं, कोपऱ्यात रडत बसली असेल. तासाभरानं मागच्या दारानं आलीस. कडेवर डबा, भुवयांवर पीठ, गालावर माझी बोटं अजून तशीच. ताजं दळण चटका देतं, म्हणून तू फ्रॉकचा घेर गोळा करून डबा आणि पोट यांच्यामध्ये धरला होतास. डबा ओट्याखाली ठेवलास आणि सुट्टे पैसे मोजून माझ्यासमोर टेबलावर ठेवलेस. एक शब्द बोलली नाहीस.

आणि मी काय केलं? म्हटलं, "हेच आधी केलं असतंस तर?" आणि पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं पहिलं वचन पन्नास वेळा लिहायला बसवलं: मुलांनो, प्रभूमध्ये तुम्ही आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहा. दादा दिवेलागणीला आला आणि म्हणाला, गिरणी बंद होती. ओट्याखाली गरम पीठ असताना! मी हसलो आणि म्हटलं, जा, हातपाय धू. त्याला ना मार, ना वचन. कारण त्यानं तोंडावर 'नाही' म्हटलेलं नव्हतं.

पुढचं तुझ्या लक्षात असेलच, पण तुझ्या आईला ते पुन्हा सांगायला आवडतं, म्हणून लिहितो. त्या आठवड्यात घरच्या उपासनेत मी मुद्दाम तोच अध्याय काढला. आपली रीत ठरलेली, आळीपाळीनं एकेक वचन. मी पहिलं, आई दुसरं, तू तिसरं, दादा चौथं. त्या दिवशी मी चष्मा पुसेपर्यंत तू दादाला ढकलून त्याच्या जागेवर बसली होतीस. पन्नास वेळा लिहिताना पुढचीही वाचून काढली होतीस ना? मी पहिलं वाचलं, आईनं दुसरं, दादानं तिसरं अडखळत. मग तू बायबल डोळ्यांसमोर धरलंस आणि शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या बायबलवर्गाच्या, वार्षिक समारंभात वाचावं तसं खणखणीत वाचलंस, "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका."

आईनं तोंडाला पदर लावला. मी पाचवं वचन वाचलं. दुसरं काय करणार? पण त्या रात्री झोप लागली नाही. एवढी वर्षं बायबल वाचतोय. पोरांना पहिलं वचन पाठ करायला लावलं आणि त्याच दमात पौलानं बापाला जे सांगितलंय तिथं माझा आवाज आपोआप खाली जायचा.

आणखी एक लाज वाटण्यासारखी गोष्ट. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातला दोन मुलांचा दाखला मी शब्बाथ शाळेत किती वर्षं शिकवला असेन! बाप दोघांनाही म्हणतो, बाळा, द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. एक 'जातो' म्हणतो आणि जात नाही. दुसरा 'नाही जात' म्हणतो, मग त्याला वाईट वाटतं आणि तो जातो. येशू विचारतो, या दोघांपैकी बापाच्या इच्छेप्रमाणं कोणी केलं? मी फळ्यावर दोन पोरं काढायचो, एक हसरं आणि एक गाल फुगवलेलं. वर्गातली चिल्लीपिल्लीसुद्धा एका सुरात बरोबर उत्तर द्यायची. आणि घरी तोच दाखला बाजरीच्या पिठात माखून माझ्यासमोर उभा राहिला, तर मला ओळखता आला नाही. येशूनं तो सांगितला मुख्य याजकांना आणि समाजातल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, म्हणजे देवाला रोज 'हो महाराज' म्हणणाऱ्यांना. आणि पुढं ऐकवलं की जकातदार आणि वेश्या तुमच्याआधी देवाच्या राज्यात जातात. दाखला होताच मुळी माझ्यासारख्यांसाठी.

दादाबद्दल वाईट लिहीत नाही. गुणी पोरगा आहे. पण त्याच्या 'हो'ला मीच खतपाणी घातलं. 'नाही' म्हटलं की मार, 'हो' म्हटलं की शाबासकी. मग पोर काय शिकणार? बापासमोर 'हो' म्हणायचं आणि मागं हवं ते करायचं. मी त्याला आज्ञाधारक केलं असं समजत होतो, प्रत्यक्षात खोटं बोलायला शिकवत होतो. आजही त्याचा 'हो बाबा, येतो या रविवारी' ऐकला की तुझी आई स्वयंपाकाला लागत नाही, आधी सूनबाईंना फोन करून विचारते.

माझं हे कुठून आलं तेही सांगतो. तुझे आजोबा नेवाशाकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर. त्या काळी मास्तर म्हणजे दिवसा शाळा, संध्याकाळी भजन आणि रविवारी उपदेश, सगळं एकाच माणसाकडं. नीतिसूत्रांतलं छडीचं वचन त्यांना फार प्रिय. निर्गुडीची छडी बायबलाशेजारी त्याच फळीवर असायची. मला लहानपणी वाटायचं, दोन्ही एकाच पुस्तकाचे भाग आहेत. ते गेले तेव्हा मी चाळिशीचा होतो, आणि तेव्हाही खोलीत त्यांचा खाकरण्याचा आवाज आला की माझी पाठ ताठ व्हायची. त्याला मी आदर म्हणत आलो. आता वाटतं, त्यात भीती बरीच होती.

म्हणून तुला एकच गोष्ट हात जोडून सांगतो. तू परवा म्हणालीस, त्याला सांगितलं, येशू वरून बघतोय, त्याला राग येईल. असं करू नकोस. आपल्या म्हाताऱ्या बायका बागुलबुवाची भीती घालायच्या, तू येशूची घालतेयस. ज्यानं लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या म्हटलं आणि अडवणाऱ्या शिष्यांवरच रागावला, त्याला तू पोलीस केलंस. पोर मोठं झाल्यावर बागुलबुवाला सोडून देतं, तेव्हा यालाही सोडील.

आणि दहा आज्ञांतली पाचवी आज्ञा. तिथं 'आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख' असं आहे. 'ऐक' असं नाही, मान राख. मला फार उशिरा कळलं की ती आज्ञा पोरांपेक्षा मोठ्या माणसांनाच जास्त लागू आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू ती कोणाला सुनावतो? कमावत्या, दाढीवाल्या लोकांना, जे म्हाताऱ्या आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं आहे म्हणून हात वर करतात. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ती सारखी आपटण्यात अर्थ नाही. तू आईच्या गुडघ्याचं तेल दर महिन्याला न सांगता पाठवतेस, त्यात ती आज्ञा आहे.

तू शाळेत असताना आपण केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो. तू छापखान्याशेजारी उभी राहून विचारलं होतंस, पंडिता रमाबाई लहानपणी ऐकायच्या का? मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. आता देतो. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तिथल्या मठातल्या सिस्टरांनी त्या म्हणतील तसं यांनी मानावं अशी अपेक्षा केली, तर 1885 मध्ये बाईंनी सिस्टर जेराल्डीनना पत्रातून स्पष्ट कळवलं की, हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मी नुकतंच महत्प्रयासानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही. केवढा हा 'नाही'! आणि हीच बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचं मराठी भाषांतर करत बसली. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते पूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. आज्ञा पाळली नाही असं कोण म्हणेल? मास्तरांच्या निर्गुडीनं ते झालं असतं का, हा माझा मलाच प्रश्न.

येशूसुद्धा बारा वर्षांचा असताना आईबापाला न सांगता यरुशलेमात मागं राहिला होता. तीन दिवसांनी मंदिरात सापडला. मरीया बोलली, रास्तच बोलली. पोरानं उलट प्रश्न केला. आणि मग लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो की तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. योसेफ मात्र तिथं काही बोलला असं लिहिलेलं नाही. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. मला हा माणूस हल्ली फार आवडायला लागलाय.

मग शिस्त लावायचीच नाही का, म्हणशील. लावायची. आंघोळ चुकणार नाही, दुसऱ्याची वस्तू घरात येणार नाही, खोटं चालणार नाही. पण थोड्या गोष्टी ठरव आणि त्या पक्क्या धर. एकदा सांगितलं की थांब, त्याच्या डोक्यात ते फिरू दे. तू गिरणीत जाण्याआधी आत अर्धा तास काय केलंस ते मला आजही माहीत नाही, पण तो अर्धा तास तुझा होता. आणि तो 'नाही' म्हणून गेला आणि नंतर करून आला, तर 'आधी का नाही केलंस' हे वाक्य गिळ. मला ते जमलं नव्हतं.

बाकी जे थोडंफार चांगलं तुमच्यात उतरलं ते माझ्या पाठांतरातून नाही. आपल्या गल्लीच्या टोकाला ती रिटायर झालेली बायबलबाई, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणारी बाई, राहायची, दिसत नव्हतं तिला. तुझी आई रोज संध्याकाळी तिच्यासाठी भाकरी आणि पातळ वरण झाकून बाजूला ठेवायची. तुम्हाला कधी 'नेऊन द्या' म्हटलं नाही. कधी दादा न्यायचा, बहुतेकदा तू. सगळ्यांच्या आधी ती ताटली वाढली जायची एवढंच तुम्ही बघत होता.

आणि एक. त्या शनिवारची माफी मी तुझ्याकडं मागितलेली नाही. दोन-तीनदा ओठांवर आलं, एकदा तर तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, पण घरात पाहुणे होते. आता लिहून मागतो. दादालाही लिहीन, त्याचं कर्ज वेगळं आहे.

आई म्हणते, कागद संपत आला, आता काय प्रेषितांची पत्रं पुरी करताय का. शनिवारी सकाळच्या एसटीनं निघतो, अकरा-साडेअकराला वाकडेवाडी स्टँडला पोचेन. पाच किलो बाजरी इथूनच दळून आणतोय, पुण्याचं पीठ तुझ्या आईला पसंत नाही. जावईबापूंना सुट्टी असेल तर ठीक, नाहीतर मी रिक्षा करीन.

छोटूला विचार, आजोबांना घ्यायला येतोस का. 'नाही' म्हणाला तर लगेच दार लावून निघू नकोस. चप्पल घालायला जरा वेळ लाव.

तुझे,
बाबा